काल्पनिक जलचरालाही गाव असते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागात शालेय विद्यार्थ्यांची चित्रकला स्पर्धा झाली. मोठ्या गटासाठी ‘माझा काल्पनिक समुद्री प्राणी’ हा विषय होता आणि चित्राखाली त्या प्राण्याची गोष्ट दहा ओळींत लिहायची होती. चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला इतका सुंदर विषय क्वचितच पाहायला मिळाला, आणि म्हणूनच त्या स्पर्धेच्या निकालाने मनाला लागलेली गोष्ट आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

माझ्याकडे रविवारी चित्रे काढायला येणारी, कोळीवाड्यात राहणारी सातवीतली एक मुलगी या स्पर्धेत उतरली होती. तिच्या प्राण्याचे नाव ‘गाळोबा’. तो खाडीच्या गाळात राहतो. त्याचे डोळे चिखलातल्या निवटी माशासारखे डोक्याच्या वर आहेत, मागचे पाय चिंबोरीच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्याच्या, शेवटच्या पायांसारखे वल्ह्यागत चपटे आहेत आणि पाठीवर तिवराच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाच्या) चिखलातून वर येणाऱ्या श्वासमुळांसारखे खुंट उगवलेले आहेत. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांतल्या, पाण्यात तो निजून असतो आणि अमावास्येच्या उधाणाला जागा होतो. अंडी भरलेली चिंबोरी जो पाण्यात परत सोडतो, त्याच्या होडीला तो गाळात रुतू देत नाही. या मुलीची आजी अशी चिंबोरी खरोखरच परत सोडते, हे मला ठाऊक असल्याने ती ओळ वाचताना माझा गळा दाटून आला.

रंगासाठी तिने तीन रविवार घालवले. खाडीचा गाळ नुसता तपकिरी नसतो. ओला असताना त्यावर आभाळाचा निळा-राखाडी तजेला येतो. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात अल्ट्रामरीन हा निळा थोडा थोडा मिसळत तिने तो करडा रंग आणला आणि पाण्याची चकाकी राहावी म्हणून रंग लावण्याआधी त्या जागी मेणबत्तीचा तुकडा घासला. परीक्षकांनी त्या चित्रावर शेरा दिला, ‘रंग मळकट, प्राणी पुरेसा काल्पनिक नाही.’ बक्षिसे मिळाली ती गुलाबी केसांच्या जलपरीला आणि डोक्यावर दिवा घेतलेल्या एका माशाला. ती काढणाऱ्या मुलांचा यात काहीही दोष नाही, कारण त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर जे पाहिले तेच त्यांच्या हातून उतरले.

‘पुरेसा काल्पनिक नाही’ या शब्दांशी मात्र माझे मुळातच भांडण आहे. नवा प्राणी शून्यातून कधीच जन्माला आलेला नाही. आपल्या शिल्पकारांनी घडवलेला मकर पाहा: हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाचे शेपूट एकत्र करून त्यांनी वरुणाचे आणि गंगेचे वाहन केले, आणि ते अवयव एकमेकांना इतके बेमालूम जोडले की तसा प्राणी खरोखर नसेल अशी शंकाही पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. स्वीडनच्या ओलाउस माग्नुस यांनी 1539 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या उत्तर युरोपच्या नकाशात समुद्रभर अक्राळविक्राळ प्राणी आहेत, तेही खलाशांच्या ऐकीव वर्णनांवर उभे आहेत. डोक्यावरचा दिवासुद्धा खराच आहे. सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खोल समुद्रातले काही मासे तो बाळगतात आणि त्यातला उजेड प्रकाशमान जिवाणूंचा असतो. आपल्या उथळ, गढूळ खाडीत मात्र तो दिवा फारसा उपयोगाचा नाही; तिथे शिंगाळा माशाच्या मिशा उपयोगाच्या. प्राणी कुठे राहतो हे ठरले की त्याचे अवयवही ठरू लागतात, आणि त्याची गोष्टही तिथूनच सुरू होते. गाळोबाच्या बाबतीत हे सारे जुळले होते.

शिवाय आपल्या खाडीत जे आहे, ते कल्पनेलाही चकित करणारे आहे. निवटी मासा असूनही गाळावर पुढच्या परांनी चालते, ओल्या कातडीतून श्वास घेते आणि डोळे कोरडे पडू लागले की खोबणीत ओढून ओले करून घेते. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. बाहेरच्या समुद्रातल्या माकुलाला (स्क्विडला) तर तीन हृदये असतात. हे ज्या मुलाने पाहिले किंवा ऐकले आहे, त्याला जलपरीची नक्कल करावीशी वाटेल, असे मला वाटत नाही.

ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीत वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला माणसे तिथे जातातच. शाळांनी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी, वही-पेन्सिल घेऊन, चिखलातली बिळे आणि तिवराच्या पानाखाली साठलेले मिठाचे कण पाहायलाही न्यावे. स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हा विषय सोडून देऊ नये, मात्र चित्राखालच्या त्या दहा ओळी परीक्षकांनी वाचाव्यात आणि त्यांना वेगळे गुण ठेवावेत. प्राणी काय खातो, त्याला कोण खातो, भरतीला तो कुठे असतो आणि गावातली माणसे त्याला का मानतात, एवढे मुलाने सांगितले असेल तर रंग भडक नाहीत म्हणून ते चित्र मागे पडू नये.

आपल्या मुलांच्या पुरवणीत अशा चित्रांना आणि त्यांच्या गोष्टींना महिन्यातून एकदा जागा मिळाली, तर खाडीकाठच्या अनेक घरांतून ती येतील. गाळोबाचे चित्र मुलीच्या व तिच्या पालकांच्या संमतीने सोबत पाठवत आहे. ते छापणे शक्य झाल्यास गाळाचा करडा रंग उजळ करू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई