सुगंध हवाच, पण गाडीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ॲम्ब्युलन्सवरच्या आणि कॅज्युअल्टीतल्या कर्मचाऱ्यांचा ताण सुगंधोपचाराने हलका करता येईल, असं सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी बरीच वर्षं सिस्टर होते. त्यामुळे डॉक्टरांच्या बरोबरीने वॉर्डबॉय मामा, आया मावशी आणि ड्रायव्हर यांच्याही ताणाचा विचार कुणी केला, हे पाहून बरं वाटलं. मात्र गाडीत सुगंधी तेलाचा डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं उपकरण, लावायची सूचना वाचून मी चपापले.

ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर असतो. त्याच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेला-ग्रीसचा हात लावायचा नाही, हे नव्या माणसाला पहिल्यांदा बजावलं जातं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं तर भडका उडू शकतो. लॅव्हेंडरचं तेल महाग असलं तरी जळायचं ते जळतंच. शिवाय गाडीत रुग्ण असतो. दम्याने धाप लागलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून आत घ्यायचं आणि दारं लावून त्याच्या नाकाशी उग्र वास सोडायचा? कित्येक दमेकऱ्यांची छाती नुसत्या उदबत्तीने भरून येते. तेव्हा गाडीत सुगंध नको म्हणजे नकोच.

म्हणून सुगंधोपचार थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. बाकीच्या संवेदना आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातून जातात. वास मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळच्या वाटेने पोचतो. लॅव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य मन शांत करतं, असे काही पुरावे आहेत. परिचारिकांवर झालेल्या छोट्या अभ्यासांतही ताण कमी झाल्याच्या नोंदी आहेत. (‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ करणारे फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे स्वतः अत्तराच्या धंद्यातले होते, हेही जाता जाता सांगायला हवं.) या अभ्यासांत मेख अशी, की आपल्याला तेल दिलंय की साधं पाणी, हे नाकाला लगेच कळतं. मग गुण तेलाचा किती आणि पाच मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसल्याचा किती? मला विचाराल तर बसण्याचाच जास्त.

आणि खरी अडचण तिथेच आहे. बसायचं कुठे? आपल्याकडे १०८ च्या गाडीवर ड्रायव्हरसोबत डॉक्टरही असतो. दोन कॉलच्या मधला वेळ ही दोघं बहुतेकदा गाडीतच काढतात, मे महिन्याच्या घामातसुद्धा. बाई डॉक्टर असेल तर बाथरूमसाठी कुणाचं तरी दार शोधायचं. रुळांवरून उचललेल्या माणसाला रुग्णालयात सोपवलं, गाडी धुतली, की पुढचा कॉल. मघाशी काय पाहिलंस, असं विचारायला कुणी नसतं. कॅज्युअल्टीत चेंजिंग रूम असते खरी, पण निम्म्या जागेत सलाइनचे खोके. वर नातेवाइकांचा राग. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यांसाठी राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी दारातला जमाव पाहून पोटात गोळा येतोच.

आधी दार लागेल अशी एक खोली द्या. पंखा, बेसिन, दोन खुर्च्या, आणि त्या खोलीत बसायला ड्युटीतच दिलेली दहा मिनिटं. मग ज्याला हवा त्याने आपापल्या आवडीच्या वासाचा फाया न्यावा. मोगरा म्हणा, वाळा म्हणा, लॅव्हेंडरच पाहिजे असं नाही. पण खोलीभर एकच वास नको. आमच्यातल्या एका मावशींना उदबत्ती सोसवत नसे, कारण शवागाराच्या वाटेवर ती कायम लावलेली असायची. एकाला शांत करणारा वास दुसऱ्याला कुठे नेऊन सोडेल, सांगता येत नाही. आणि कुणाला रात्री झोपच लागत नसेल, तेच तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, तर फाया पुरायचा नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं, तेही रजा न कापता.

आपल्या प्रतिनिधींनी एक करावं. मुंबईत १०८ च्या गाड्या जिथे उभ्या असतात, त्यातल्या किती ठिकाणी कर्मचाऱ्यांना टेकायला खोली आहे, हे आरोग्य विभागाला विचारावं आणि मिळालेलं उत्तर त्याच पुरवणीत छापावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
लालबाग, मुंबई