जनरल बेक यांना एका ओळीत संपवू नका

महोदय,

२० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बॉम्ब ठेवणाऱ्या स्टाउफेनबर्गवर जवळजवळ पान भरून मजकूर आणि जनरल लुडविग बेक यांच्या वाट्याला एकच ओळ, ‘कटात सामील असलेले एक वयस्कर सेनाधिकारी’. मी तोफखान्यात तेवीस वर्षं काढली, देवळालीला शिकलो आणि पुढे तिथेच शिकवलंही. ती ओळ वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

बेक मूळचे तोफखान्याचे. १८८० सालचा जन्म. १८९८ मध्ये ते प्रशियाच्या फील्ड आर्टिलरीत दाखल झाले. पहिलं महायुद्ध पश्चिम आघाडीवर स्टाफ ऑफिसर म्हणून काढलं. १९१६ ला लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी पत्नी गेली, पदरात तान्ही मुलगी. पुढे १९२९ मध्ये पाचव्या आर्टिलरी रेजिमेंटची कमान त्यांच्याकडे आली.

त्यांच्या आयुष्याची एक बाजू मला आवडत नाही, पण ती सांगितलीच पाहिजे. १९३० साली त्याच रेजिमेंटमधल्या तरुण अधिकाऱ्यांवर सैन्यात नाझी प्रचार केल्याबद्दल लाइपझिगला खटला चालला, तेव्हा बेक यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेही त्यांना आशादायक वाटलं होतं. म्हणून त्यांना संत करू नये.

पण तोफखान्यातल्या माणसाची एक सवय असते. ज्याच्यावर मारा करायचा तो त्याला बहुधा दिसतच नाही. समोर नकाशा, वाऱ्याची दिशा, तोफेच्या दारूचं तापमान. थंडीत दारू गार पडली की गोळा अलीकडे पडतो. तो फरक धरला नाही तर आपल्याच पायदळावर पडेल. हे गणित मी शेकडो पोरांकडून घोकून घेतलंय. आधी हिशेब, मग हुकूम.

१९३८ मध्ये बेक यांनी तेच केलं. तेव्हा ते जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे, म्हणजे युद्धयोजना आखणाऱ्या विभागाचे, प्रमुख होते. हिटलरला चेकोस्लोव्हाकियावर चाल करायची होती. बेक यांनी टिपणांमागून टिपणं लिहून दाखवलं की फ्रान्स आणि ब्रिटन उतरतील आणि हे युद्ध जर्मनी हरेल. विरोधाची सुरुवात अशी हिशेबातूनच झाली. पण १६ जुलैच्या टिपणात ते हिशेबापलीकडे गेले. ज्ञान, सदसद्विवेक आणि जबाबदारी आड येते तिथे सैनिकाचं आज्ञापालन संपतं, असं त्यांनी लिहिलं. सगळ्या वरिष्ठ सेनापतींनी एकत्र राजीनामे द्यावेत, हा त्यांचा आग्रह होता. तसं कोणी केलं नाही. ऑगस्टमध्ये बेक एकटेच बाहेर पडले.

आणि इथे ते चुकले, असं माझं ठाम मत आहे. राजीनामा गुप्त ठेवायला ते तयार झाले. लोकांना तो कळला ऑक्टोबर संपता संपता, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देणारा म्युनिक करार होऊन गेल्यावर. ज्या दिवशी तो आवाज फुटायला हवा होता, त्या दिवशी फुटला नाही.

याच शस्त्रशाखेतला दुसरा अधिकारी विल्हेल्म कायटेल. तोही फील्ड आर्टिलरीतला, १९१४ मध्ये गोळ्याच्या तुकड्याने जखमी झालेला. जर्मन सैन्यदलांच्या सर्वोच्च कमांडचा प्रमुख झाल्यावर त्याने पुढ्यात येईल त्या हुकमावर सही केली. माणसं रातोरात गायब करण्याचा १९४१ चा हुकूमही त्याच्याच सहीचा. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यानंतर १९४६ मध्ये तो फासावर गेला.

२० जुलै १९४४ ला बॉम्ब फुटला तेव्हा कायटेल हिटलरच्या खोलीत होता. हिटलर जिवंत असल्याचं फोनवर त्यानेच बर्लिनमध्ये राखीव सैन्याचा प्रमुख जनरल फ्रोम याला सांगितलं. बेक त्या संध्याकाळी बर्लिनच्या मुख्यालयात साध्या कपड्यांत आले होते. कट फसला. रात्री फ्रोमने त्यांना स्वतःवर गोळी झाडायची मुभा दिली. पहिल्या गोळीने जीव गेला नाही, दुसऱ्या गोळीनेही नाही. शेवटी एका सार्जंटने त्यांना संपवलं. खाली अंगणात स्टाउफेनबर्ग आणि आणखी तिघांना गोळ्या घातल्या गेल्या.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या जुलैत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा बेक यांचं १६ जुलै १९३८ चं टिपण मराठीत छापा. लाइपझिगच्या साक्षीसकट. माझे जुने विद्यार्थी आजही आपलं वर्तमानपत्र वाचतात, त्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आपला,
एक निवृत्त तोफखाना अधिकारी, नाशिक