गणितातला स्वल्पविराम

मा. संपादक,

लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत जुळवलेल्या गणिताच्या पुस्तकांत १२,३४,५६७ ही संख्या अनेकदा ‘१२, ३४, ५६७’ अशी फुटलेली दिसते. दोष टंकणाऱ्याचा नाही. गणिती मजकुरात टेक, म्हणजे लाटेकचा मूळ प्रोग्रॅम, प्रत्येक चिन्हाला वर्ग देतो. स्वल्पविराम ६ क्रमांकाच्या, म्हणजे विरामचिन्हांच्या वर्गात बसतो. त्यानंतर एक षष्ठांश एम (एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढे माप) इतकी जागा आपोआप सुटते. (३, ४) सारख्या क्रमित जोडीत ती हवीच, संख्येत नको.

एखाद-दुसरी संख्या असेल तर स्वल्पविराम महिरपी कंसात घालावा, भागते. पुस्तकभर हे कोण करत बसणार? मग कोणीतरी स्वल्पविरामाचा मॅथकोड, म्हणजे चिन्हाचा वर्ग ठरवणारा आकडा, बदलून त्याला शून्य, म्हणजे साध्या चिन्हांच्या वर्गात टाकतो आणि सगळे संच, सगळ्या जोड्या चिकटतात. ‘पुढे अंक असेल तर जागा काढा’ ही युक्तीही फसवी. बिंदू (३, ४५०) मध्येही पुढे अंकच आहे. तो सरळ तीन हजार चारशे पन्नास वाचला जाईल!

खात्रीचा मार्ग म्हणजे मॅथकोडला सोळा-आधारी ८००० ही किंमत देणे. मग स्वल्पविराम गणितापुरता मॅक्रोसारखा, म्हणजे आपण लिहून दिलेल्या आज्ञेसारखा चालतो, बाकी मजकुरात जसाच्या तसा. पुढे स्पेस टंकलेली असेल तर विरामचिन्ह, नसेल तर साधे चिन्ह, एवढे मॅक्रोने ठरवायचे. लाटेकला जोडायचे आयकॉमा हे तयार पॅकेज नेमके हेच करते. मात्र संचांत आणि जोड्यांत स्पेस न चुकता द्यावी लागते. जुन्या फायलींत ती बहुधा नसते, तेव्हा पॅकेज जोडण्याआधी गणितातला प्रत्येक स्वल्पविराम डोळ्यांखालून घालावा.

– एक अक्षरजुळणीकार, पुणे