केनियाचा निकाल आणि तुमचा प्रश्न

नैरोबी,
5 नोव्हेंबर 2017

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पुन्हा केन्याटाच आले ना? मग कोर्टाने एवढं करून साधलं काय?" आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच कळवते.

ऑगस्टमधल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांना 54 टक्के आणि विरोधी नेते राइला ओडिंगांना जवळपास 45 टक्के मतं जाहीर झाली. फरक चौदा लाखांवर. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरींसारखे परदेशी निरीक्षक मतदानाची वाखाणणी करून गेले. तरीही 1 सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागांच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा बहुमताने ती निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत हे आजवर झालं नव्हतं.

ओडिंगा जिंकले, असं कोर्ट म्हणालेलं नाही. इथे प्रत्येक केंद्रावर मतं मोजून 34अ नावाचा फॉर्म भरतात आणि त्याची प्रत तिथूनच निवडणूक आयोगाला पाठवायची असते. हजारो केंद्रांचे फॉर्म हाती नसतानाच आयोगाने निकाल लावला. सर्व्हर तपासू द्या, हा कोर्टाचा हुकूमही नीट पाळला नाही. त्यात मतदानाच्या तोंडावर आयोगाच्या संगणक विभागातले ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झालेला. विरोधी मत देणारे न्यायाधीश म्हणतात, मतं फिरवल्याचा पुरावा कुठे आहे? मुद्दा वजनदार आहे. पण वही दाखवायलाच जो नकार देतो, त्याची बेरीज खरी कशी धरायची?

आपल्याकडे 1975 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाच्या न्या. सिन्हांनी इंदिराबाईंची रायबरेलीची निवड रद्द केली. तिथे ठपका होता प्रचारात सरकारी माणसं वापरल्याचा. मोजणीवर कोर्टाने बोट ठेवलं नव्हतं. इथे मोजणीच संशयात. म्हणून मला मरागांचा निकाल जास्त भक्कम वाटतो.

पुढे बिघडलं, हे मात्र खरं. घटनेप्रमाणे साठ दिवसांत फेरनिवडणूक, आणि घेणार तोच आयोग! ओडिंगांनी बहिष्कार टाकला. 26 ऑक्टोबरला जेमतेम 39 टक्के मतदान झालं, केन्याटांना 98 टक्के मतं पडली. ओडिंगांच्या बालेकिल्ल्यात, किसुमूकडे, मतदान झालंच नाही, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. त्याचा मला फार त्रास होतो, बाबा. पण तो दोष निकालाच्या माथी मारू नका. केन्याटांनी न्यायाधीशांना भर सभेत भामटे म्हटलं. उपसरन्यायाधीशांच्या चालकावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी, मतदान पुढे ढकलण्याच्या अर्जावर, पाच न्यायाधीश हवे असताना कोर्टात दोघेच आले. त्या दोघांत मरागा होते.

आता या दुसऱ्या निवडणुकीलाही आव्हान मिळेल असं इथे सगळे धरून आहेत. आईला सांगा, आमच्या भागात शांतता आहे, दुकानं उघडली आहेत. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची लेक