ब्लूबॉटल डसला तेव्हा धावून आलेल्या ताई-दादांना

अर्ध्या दिवसाच्या पक्षी-किनारा सहलीत, भरतीच्या रेषेवर पडलेल्या निळ्या फुग्यावर, म्हणजे ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या, डंख करणाऱ्या लांब तंतूंच्या समुद्री जीवावर, एका मुलीचा पाय पडला. वाळूत मेलेला ब्लूबॉटलही डसतो. कुणी वाळू चोळायला निघालं, कुणी बाटलीतलं गोडं पाणी ओतायला. गाइडताईंनी दोघांना अडवलं, कारण त्याने तंतूंवरच्या उरलेल्या डंखपेशीही (विष टोचणाऱ्या सूक्ष्म पेशी) फुटू शकतात. त्यांनी समुद्राचं पाणी ओतून चिमट्याने तंतू एकेक उचलले. गाडीच्या चालकदादांनी दोन थर्मास गरम पाणी आणलं. ताईंनी ते आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन पाहिलं (४५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर भाजू शकतं), निववलं आणि २० मिनिटं घोट्यावर सोडत राहिल्या. बगळे बघायचे राहिले. कुणीही कुरकुरलं नाही, त्यांचेही आभार. ताई, दादा, तुमचे तर मनापासून!