रिसॉर्ट नंतर ठरवा, आधी तिथी बघा

मा. संपादक,
स. न.

परीक्षा उरकत आल्या की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत तारकर्ली, देवबाग, गणपतीपुळे, वेंगुर्ल्याच्या रिसॉर्टच्या जाहिराती सुरू होतात. दोन रात्री, तीन दिवस, नाश्ता फुकट, खोली 'बीचटच'. कोल्हापूरकर दर बघतो, शनिवार-रविवार बघतो आणि आगाऊ पैसे पाठवून मोकळा होतो. घरात तेरा ते अठरा वयाची मुलं असतील तर हा क्रम उलटा आहे. लहान पोर आईचं बोट धरून घोटाभर पाण्यात खेळतं. सोळा वर्षांचा मुलगा छातीभर पाण्यात जाणार, खडकावर चढणार, स्कूबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली उतरण्याचा, हट्ट धरणार. त्यातल्या प्रत्येक गोष्टीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, म्हणून सहलीची तारीखही तिच्यावरूनच ठरायला हवी.

त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चालतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तास जातात आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होईल, पण तारीख ठरवायला एवढं पुरतं. निघण्याच्या आदल्या दिवशी रत्नागिरी किंवा मालवणचा नेमका तक्ता बघून घ्यावा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारेही देते, तेही त्याच वेळी बघावेत.

आता कोणती तिथी धरायची? आपल्याकडे पौर्णिमा धरायची हौस आहे, चांदण्यात किनारा बघायचा म्हणून. चांदणं सुंदर असतं यात वाद नाही. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त, त्यामुळे प्रवाहाला ओढ असते. शिवाय सकाळी अकरानंतर ते उतरायला लागतं आणि पाचच्या सुमाराला तळाला जातं. म्हणजे दुपारचं जेवण आणि झोप आटोपून मुलं पाण्यात शिरतात तेव्हा समुद्र बाहेर ओढत असतो. सप्तमी ते दशमीच्या दिवसांत हेच चित्र उलटं होतं. त्याला भांगाची भरती म्हणतात. चढउतार कमी, प्रवाह मंद, दुपारनंतर पाणी किनाऱ्याकडे येत असतं. पाणी कमी ढवळल्यामुळे गाळ खाली बसतो आणि स्कूबात दिसतंही बरं. तेव्हा अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार शोधा आणि मग रिसॉर्टला फोन करा. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर संकष्टी, त्यातही अंगारकी टाळा. त्या दिवशी गाडी लावायलाच अर्धा दिवस जातो.

महिन्यांचं बोलायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण दहावी-बारावीचं घर तेव्हा हलत नाही, आणि नंतर सीईटी, नीट आडव्या येतात. मग उरतो मे. मे चालतो, मात्र पहिले पंधरा दिवस धरा. उत्तरार्धात वारा फिरतो, लाटा वाढतात आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा, किल्ल्याच्या होड्या सगळं बंद असतं. जूनमध्ये 'ऑफ सीझन' म्हणून निम्म्या दरात मिळालेल्या खोलीतून मुलांना फक्त खिडकीतला समुद्र मिळतो. मासेमारीबंदीही १ जूनपासून असते, त्यामुळे ताटात येतो तो बहुतेक बर्फातला मासा.

कोल्हापूरच्या मुलांबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इथली बहुतेक मुलं विहिरीत, कळंबा तलावात नाहीतर पंचगंगेत पोहायला शिकलेली असतात. दम चांगला असतो आणि आत्मविश्वास त्याहून चांगला. घात तिथेच होतो. विहिरीला प्रवाह नसतो. नदीचा प्रवाह एकाच दिशेने जातो आणि काठ डावी-उजवीकडे हाताशी असतो. समुद्रात किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दोन दांड्यांमधल्या खोलगट घळीतून जोरात बाहेर पडतं. त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही उलटा पोहू शकत नाही. बुडतात त्यांतले बरेच जण खोल पाण्यामुळे नाही, किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या नादात दमून बुडतात.

ही घळ ओळखता येते. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावरून बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गढूळ किंवा गडद दिसतंय, फेस समुद्राकडे सरकतोय, तर ती जागा टाळायची. नवख्याला नेमकी तीच शांत वाटते. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे धडपडू नये. पाठीवर तरंगावं, हात वर करावा, किनाऱ्याला समांतर तीस-चाळीस मीटर सरकावं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं बाहेर यावं. काठावरच्याने वाचवायला उडी मारू नये. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि वीस मीटर दोरी सोबत ठेवली तर फेकायला काहीतरी असतं. गणपतीपुळ्याचा आणि आरे-वारेचा किनारा देखणा आहे, पण पोहण्यासाठी नाही. तिथले फलक उगाच लावलेले नाहीत. मुलांना पाण्यात मनसोक्त खेळायचं असेल तर तारकर्ली किंवा मालवणचा चिवला बरा, तोही स्थानिकाला जागा विचारून.

खडकांचंही तसंच. ओहोटीला चालत गेलेल्या कातळावर सेल्फी काढता काढता मागची वाट पाण्याखाली जाते. शेवाळावर पाय घसरतो, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. रबरी तळाचे बंद बूट घ्या, चपला नकोत. वाळूत पाकट दडलेलं असतं, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवावा, त्याने वेदना उतरतात, आणि मग दवाखाना गाठावा.

स्कूबाबद्दल पालक विचारतात ते फक्त दर. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. नवख्यांच्या स्कूबाला पोहता येणं सक्तीचं नसतं, वय मात्र किमान दहा लागतं. दमा, फिट येणं, कानाचं दुखणं असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरू नये. साधी सर्दी असली तरी रद्द करावं, कारण पाण्याचा दाब वाढताना नाक दाबून फुंकून कान मोकळे करावे लागतात आणि चोंदलेल्या नाकाने ते होत नाही. जबरदस्ती केली तर पडदा फाटतो. एका प्रशिक्षकामागे एकच मूल हवं, आणि फॉर्मवर पालकाने वाचून सही करायची. स्कूबा पहिल्या किंवा मधल्या दिवशी ठेवा, निघायच्या सकाळी नको. पाण्यातून निघून लगेच घाट चढणं टाळलेलं बरं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, गगनबावडाही उंचावरच. स्कूबानंतर विमानात बसण्याला लावतात तोच नियम इथे जपून लावावा, मध्ये बारा तास जाऊ द्यावेत.

होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट तपासा. सगळे बंद लावून दोन्ही खांदे धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. अंगाने किडकिडीत मुलांना मोठ्या माणसाचं जॅकेट देतात आणि ते पाण्यात डोक्यावरून निघतं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. परतीच्या वाटेवर, 'आता काय, आलोच' म्हणून जॅकेट काढणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

खोलीचा हिशोब बहुतेक जण चुकतात. बारा वर्षांपुढचं मूल रिसॉर्टच्या लेखी मोठं माणूस असतं, त्याला जादा गादीचे आणि जेवणाचे पूर्ण पैसे लागतात. चौघांसाठी एक मोठी 'फॅमिली रूम' घ्यावी की दोन साध्या? दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ८,५०० ची एक खोली करासकट १०,०३० ला पडते. ४,००० च्या दोन खोल्या ८,४०० ला. वर दोन संडास-बाथरूम मिळतात, आणि हे वय असलेल्या घरात त्याची किंमत पैशात होत नाही. खोल्या शेजारीशेजारी हव्यात हे बुकिंगच्याच वेळी लिहून घ्या.

'बीचटच' या शब्दावर जाऊ नका. फोटो नेहमी ओहोटीचे असतात. पौर्णिमेच्या भरतीला खोलीपुढे किती वाळू उरते, हे फोनवर विचारा. जनित्र किंवा इन्व्हर्टर आहे का, त्यावर पंखा चालतो की फक्त दिवा, हेही विचारा. पोहण्याच्या तलावात नायलॉनचाच पोशाख लागतो आणि संध्याकाळी सातनंतर तो बहुधा बंद होतो. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर खोली आणि समोरचा रस्ता दाखवायला सांगा. हुबेहूब संकेतस्थळ बनवून पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. सगळ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा, मुलांचीही.

तारीख नक्की करण्याआधी मुलीला पाळीच्या तारखा विचाराव्यात. हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही आणि मग ती तीन दिवस किनाऱ्यावर पिशव्या सांभाळत बसते. स्कूबाच्या होडीवर कपडे बदलायला आडोसा नसतो. पायापर्यंतचा, पुढून बंद होणारा सुती झगा सोबत असावा.

कोल्हापुरातून कोकणात थेट रेल्वे नाही, वैभववाडी मार्ग अजून कागदावरच आहे. म्हणजे घाट आलाच. मालवण-तारकर्लीला गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा. वेंगुर्ल्याला आजरा-आंबोली. गणपतीपुळ्याला मलकापूर-आंबा. करूळ घाट कामासाठी आणि दरडीमुळे बंद होत आला आहे, तेव्हा आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. मालवणपर्यंत साडेचार-पाच तास धरा. दाजीपूरचा पट्टा अंधारात नको, गवे रस्त्यावर येतात. घाटात मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या मुलाला हमखास मळमळतं, कारण डोळा स्थिर असतो आणि कान वळण मोजत असतो. त्याला पुढच्या सीटवर बसवून लांबवर बघायला लावा. निघताना मिसळ चापून निघणं हा आपला शिरस्ता आहे. घाट असेल त्या दिवशी तो मोडावा. जाऊन-येऊन आणि तिथे फिरून चारशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा धरले तर सत्तावीस लिटर पेट्रोल.

या वयाची मुलं उशिरा झोपतात आणि उशिरा उठतात. तो आळस नव्हे, वयाचा भाग आहे. रोज पहाटे साडेसहाला डॉल्फिन, नऊला किल्ला, अकराला बाजार असा कार्यक्रम आखला तर दुसऱ्या दिवशी घरात अबोला ठरलेला. एक पहाट सक्तीची ठेवा, बाकीच्या सोडा. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट पुरे. एक अर्धा दिवस पूर्ण मुलांच्या हाती द्या. हातात दीड हजार रुपये आणि भरतीचा तक्ता, कुठे जायचं, काय खायचं ते त्यांनी ठरवायचं. तिथीची पाऊणपटही त्यांनाच करायला लावा. आपण काढलेल्या वेळेला पाणी खरंच चढताना दिसलं की 'आता बाहेर या' हे चार वेळा ओरडावं लागत नाही. जेवणाचं फार सांगत नाही. पापलेट-सुरमईचा दर तुकड्यागणिक आधी विचारावा, एवढंच.

आता मूळ विनंती. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपण रोज छापता. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत, ते रोज डोळ्यांखालून जातात म्हणूनच. तशीच ऑक्टोबर ते मे या काळात दर शुक्रवारी, हवामानाच्या चौकटीत, शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. रत्नागिरी आणि मालवण, दोनच ठिकाणं. चार ओळींची जागा लागेल, आणि शुक्रवारी रात्री गाडीत पिशव्या भरताना त्या कुणीतरी मोठ्याने वाचेल.

आपला,
एक नियमित वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर