नियम यादीला नको, निधीला लावा

मा. संपादक,

सरकारी निधीतून गावोगावी जुन्या देवळांपुढे सभामंडप उभे राहत आहेत, बारवांच्या (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या) दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या जात आहेत. हेतू चांगला असतो. तरीही शतकानुशतके टिकलेले बांधकाम अशा कामानंतर काही पावसाळ्यांतच फुगू किंवा खचू लागते.

याचे मूळ कायद्यातल्या पोकळीत आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्याचा १९६० चा कायदाही संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्मारकांनाच आधार देतो. इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते ती २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरपासून पुढे. गावातले समाजमंदिर त्याच्या आसपासही जात नाही. त्यामुळे संरक्षित स्मारकांच्या यादीत नसलेले हेमाडपंती देऊळ, बारव, गढी, वीरगळ (वीरांचे स्मृतिशिल्प) यांच्याकडे काम सुरू होण्याआधी पाहण्याचे बंधन कुणावरच नाही.

बारवेचे उदाहरण घ्या. तिच्या भिंतीमागे ओली माती असते आणि दगडांच्या सांध्यांतून पाणी आत पाझरत राहते. हे सांधे सिमेंटने बंद केले की पाणी मागेच तुंबते. पंप लावून आतली पातळी झपाट्याने उतरवली की मागचा दाब दगडांना पुढे ढकलतो, भिंतीला पोट येते आणि एखाद्या जोरदार पावसात ती कोसळते. पाझर बुजल्याने पाणी कमी येते ते वेगळेच.

देवळाचा काळा पाषाण स्वतः फारसे पाणी शोषत नाही. ओल फिरते ती सांध्यांतून आणि भिंतीच्या पोटातल्या भरीतून. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट दिला की ती आत कोंडते, क्षार साचतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा मारा करून दगड साफ करण्याने, तर शिलालेखाची अक्षरेच झिजतात. ते नुकसान कधीच भरून येत नाही. सभामंडपाच्या खांबांसाठी जोत्याला लागूनच काळ्या मातीत दीड मीटर खड्डा घेतला, तर जुन्या उथळ पायाखालची माती सरकते. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर जोत्यापासून सोडावे. नवा स्लॅब जुन्या भिंतीत घुसवू नये आणि त्याच्या पन्हाळीचे पाणी जोत्यावर पडू देऊ नये.

अमेरिकेत १९६६ च्या वारसा जतन कायद्याने केंद्रीय पैसा किंवा परवाना असलेल्या कामाआधी त्याचा जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल याची तपासणी बंधनकारक केली. वास्तू यादीत नसली, पण यादीत येण्याजोगी असली, तरी तिचा विचार करावाच लागतो. राज्याच्या वारसा अधिकाऱ्याला उत्तरासाठी साधारण ३० दिवस मिळतात. ग्रामीण विकासाचे केंद्रीय कर्ज घेऊन बांधलेली इमारतही यातून सुटत नाही.

आपल्याकडे प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावाला एक पानी प्रपत्र जोडले तरी बरेच साधेल. कामाच्या जागेपासून ३०० मीटरांत जुने बांधकाम, कोरीव दगड, बारव, देवराई, ओढा यांपैकी काय आहे त्याची नोंद आणि चारही बाजूंची छायाचित्रे त्यात असावीत. काही आढळल्यास पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांचा अभिप्राय ३० दिवसांत घ्यावा. अंदाजपत्रकात सिमेंटऐवजी चुन्याच्या दरजा भरण्याची स्वतंत्र बाब हवी, नाहीतर ठेकेदार चुना वापरणारच नाही. खोदाईत मूर्ती किंवा नाणी निघाल्यास काम थांबवून तहसीलदारांना कळवण्याची अट निविदेत असावी. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने आजही बंधनकारक आहे.

हे प्रपत्र ग्रामसभेचा ठराव होतो तेव्हाच भरून घ्यावे. ३१ मार्चपूर्वी निधी खर्ची टाकण्याच्या घाईत कार्यादेशासोबत ते मागितले, तर जागेवर न जाताच त्यावर सह्या होतील.

– एक स्थापत्य अभियंता